एकटा स्वार, डाल्टन हायवे आणि साधं गणित

लाँग राइडचा विषय निघाला की आपली चर्चा सीसी आणि सायलेन्सरवर येऊन थांबते. पण अलास्कातला डाल्टन हायवे बाइकवर एकट्याने करायचा, तर आधी वही-पेन घेऊन बसावं लागतं.

फेअरबँक्सच्या उत्तरेला सुरू होऊन आर्क्टिक महासागराजवळच्या डेडहॉर्सला पोचणारा हा रस्ता सुमारे ६६६ किलोमीटरचा. तेलाच्या पाइपलाइनसाठी तो १९७४ साली बांधला, तोही अवघ्या पाच महिन्यांत! काही पट्टे डांबरी, बाकी सगळी खडी आणि माती.

पहिला प्रश्न पेट्रोलचा. कोल्डफूट सोडलं की डेडहॉर्सपर्यंत सुमारे ३८६ किलोमीटर पंपच नाही. समजा, टाकी १४ लिटरची आणि अॅव्हरेज २५ चं. १४ × २५ = ३५०. म्हणजे ३६ किलोमीटर आधीच गाडी बंद! त्यात खडी, सामान आणि समोरून वारा. म्हणून अॅव्हरेज २० च धरा. लागणार १९.३ लिटर. सहा लिटरचा कॅन घेतला तर हाती उरतं ०.७ लिटर, म्हणजे जेमतेम १४ किलोमीटर. दहा लिटर घेतलं तर ४८० किलोमीटरची सोय होते. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात तो हाच.

दुसरा प्रश्न चिखलाचा. धूळ बसावी म्हणून इथे रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते हवेतली ओल शोषून माती धरून ठेवतं. पाऊस पडला की मात्र रस्ता साबणासारखा निसरडा होतो. हाच चिखल रेडिएटरवर वाळून घट्ट बसला, तर थंड हवेतही इंजिन तापतं. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी गाडी धुवायची, मग जेवायचं.

तिसरी गोष्ट पायाखालची. इथली बरीच जमीन खोलवर कायम गोठलेली आहे. ती वितळली तर रस्ता खचणार. म्हणून खडीचा जाड भराव घालून तिला उष्णतेपासून जपलंय. शेजारच्या पाइपलाइनमधलं तेल गरम असतं. त्यामुळे जवळपास अर्धी पाइपलाइन खांबांवर उचलून नेली आहे. बऱ्याच खांबांत अमोनियाच्या नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतल्या उष्णतेने अमोनियाची वाफ होते, ती वर जाऊन थंड होते आणि द्रव होऊन परत खाली येते. पंप नाही, वीज नाही!

रस्त्यात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. पंक्चर किट, हवेचा पंप आणि सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र जवळ हवंच. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला व्हायचं, कारण उडणारा दगड आपला हेल्मेट बघून येत नाही.

आता गृहपाठ: आपापल्या गाडीची टाकी आणि खरं अॅव्हरेज घ्या, आणि ३८६ किलोमीटरला किती लिटरचा कॅन लागेल ते काढा. अॅव्हरेज शोरूमवाल्याने सांगितलेलं नको, स्वतः मोजलेलं घ्या.