मल्लांची शेवटची कुस्ती

विद्यार्थिमित्रांनो, कोणत्याहि कार्याचा आरंभ कसा करावा हें सांगणारे पुष्कळ भेटतात; परंतु तें कार्य सोडावें केव्हां व कसें, हें सांगणारा विरळा. आरंभाचे धडे शाळेंत व घरांत रोज मिळतात. शेवटाचा धडा मात्र जो तो आपापल्या परीनें, आणि बहुधा उशीरा, शिकतो. हा धडा हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत जेथें गिरविला जातो असें एक क्षेत्र आम्हीं आज विवेचनासाठीं निवडलें आहे. तें म्हणजे अमेरिका व जपान या देशांतील पेशेवर मल्लांचें. आमचे कित्येक विद्यार्थी त्यांच्या कुस्त्या टेलिव्हिजनवर मोठ्या आवडीनें पाहतात. इतिहासांतील राजांच्या नांवांपेक्षां या मल्लांचीं नांवें त्यांस अधिक पाठ असतात. पालक मात्र ‘तें सगळें लटकें आहे’ असें म्हणून तिकडे पाठ फिरवितात. दोघांनींहि विचार करावा असें त्या कुस्त्यांत कांहीं आहे काय, हें आपण पाहूं.

प्रथम या खेळाचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जॉर्ज हॅकेनश्मिट व फ्रँक गॉच हे दोन जगप्रसिद्ध मल्ल होते. १९०८ सालीं शिकागो येथें त्यांची जी कुस्ती झाली ती सुमारें दोन तास चालली व अखेर हॅकेनश्मिटनें हार कबूल केली. १९११ सालच्या सप्टेंबरच्या ४ तारखेस त्याच शहरांत ते पुन्हां एकमेकांसमोर उभे राहिले. सुमारें ३०,००० प्रेक्षक जमले होते. सरावांत हॅकेनश्मिटचा गुडघा दुखावलेला होता; तो लागोपाठ दोनदां पडला. त्यानंतर लवकरच त्यानें हा धंदा सोडला, पुढें इंग्लंडांत राहून तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिले, आणि १९६८ सालीं नव्वद वर्षांचा होऊन तो वारला. विजयी गॉच १९१७ सालींच, अवघ्या ४० वर्षांचा असतां मरण पावला. कुस्ती संपली म्हणजे आयुष्य संपत नाहीं, ही गोष्ट येथेंच लक्षांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें येईल.

दोन दोन तास एकमेकांस धरून राहणारे मल्ल पाहून सामान्य प्रेक्षक कंटाळत. म्हणून पुढें, विशेषतः १९२० नंतरच्या काळांत, फड भरविणाऱ्या व्यवस्थापकांनीं कुस्ती थोड्या वेळाची, वेगाची व नेत्रदीपक डावांची केली. आणि जिंकणार कोण हें ते अगोदर ठरवूं लागले. आपल्याकडे जिला नुरा कुस्ती म्हणतात तीच ही. १९८९ सालीं अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीनें न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढें, हा प्रकार करमणुकीचा आहे, खऱ्या चढाओढीचा नव्हे, असें उघड सांगितलें. तेव्हां पालकांचा आक्षेप खरा आहे. परंतु तो अपुरा आहे. निकाल लटका असला तरी शरीर लटकें नसतें. उंचावरून खालीं येणारें अंग खरोखरच आपटतें आणि मानेचा मणका खरोखरच दुखावतो. शिवाय निकाल ठरलेला असल्यामुळेंच येथें एक प्रश्न उत्पन्न होतो. नामांकित मल्लाच्या शेवटच्या कुस्तीचा निकाल ठरवावयाचाच, तर तो त्याच्या बाजूनें कां ठरवीत नाहींत? ज्याला सहज जिंकून जातां आलें असतें तो बहुधा हरून कां जातो?

या धंद्यांत एक जुना अलिखित संकेत आहे, तो असा कीं, जाणाऱ्या मल्लानें पाठ टेकून जावें. त्यामागचा विचार साधा आहे. मल्लाची कीर्ति हें त्याचें भांडवल होय, आणि तें एकट्यानें मिळविलेलें नसतें. तो तरुण असतां कोणी तरी थोर मल्ल त्याच्यापुढें पडला, म्हणून लोक त्याला ओळखूं लागले. आतां त्याची पाळी आली. वीस वर्षें ज्याचा जयजयकार झाला त्याला एखाद्या तरुणानें चीत केलें, म्हणजे त्या वीस वर्षांतील मानाचा कांहीं वांटा त्या तरुणाकडे जातो. वृद्ध मल्ल जिंकून गेला, तर ती सारी कीर्ति त्याच्याबरोबर घरीं जाते आणि फडाच्या कांहींच उपयोगी पडत नाहीं.

याचीं उदाहरणें पाहूं. रिक फ्लेअर हा अमेरिकेंतील अत्यंत नामांकित मल्ल. यापुढें ज्या दिवशीं तूं हरशील त्या दिवशीं तुझी कारकीर्द संपेल, अशी अट त्याला फडाच्या कथानकांत घालण्यांत आली होती. ३० मार्च २००८ रोजीं ऑर्लँडो शहरीं ‘रेसलमेनिया’च्या फडांत, वयाच्या ५९ व्या वर्षीं, तो शॉन मायकेल्सकडून हरला. शेवटचा तडाखा देण्यापूर्वीं मायकेल्सनें ‘मला क्षमा करा, माझें आपणांवर प्रेम आहे’ अशा अर्थाचे शब्द नुसत्या ओंठांनीं उच्चारलेले प्रेक्षकांनीं पाहिले. पुढें दोनच वर्षांनीं, २८ मार्च २०१० रोजीं, त्याच मायकेल्सनें आपली कारकीर्द पणास लावली आणि अंडरटेकर या मल्लापुढें पाठ टेकली. ज्यानें घेतलें त्यानें तें पुढें दिलें.

अगदीं अलीकडील उदाहरण जॉन सीना याचें. ‘कधींहि हार मानूं नका’ हें ब्रीद त्यानें वर्षानुवर्षें मिरविलें, आणि जगभरच्या मुलांनीं तें उचललें. १३ डिसेंबर २०२५ रोजीं वॉशिंग्टन येथें, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्याची शेवटची कुस्ती ऑस्ट्रियाच्या गुंथर या मल्लाशीं झाली. गुंथरनें गळ्याला हाताचा विळखा घातला आणि सीनानें हातानें थाप मारून हार कबूल केली. पुष्कळ प्रेक्षक रागावले व त्यांनीं ओरडून आपली नापसंती दाखविली. ब्रीद मोडलें असें आमच्या बालवाचकांपैकीं कित्येकांसहि वाटलें असेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कार्य चालू असतां हार न मानणें ही एक गोष्ट आहे, आणि कार्य संपल्यावर तें दुसऱ्याच्या हातीं देणें ही दुसरी. पहिलीला धैर्य लागतें, दुसरीला मनाचा मोठेपणा लागतो. आणि ज्यानें पहिली गोष्ट वीस वर्षें केली त्यानेंच दुसरी केली तर तिला किंमत येते.

या संकेतास अपवादहि आहेत. जपानचा अंतोनिओ इनोकी ४ एप्रिल १९९८ रोजीं टोकियो येथें डॉन फ्राय याला जिंकून निवृत्त झाला. स्टिंग हा अमेरिकन मल्ल ३ मार्च २०२४ रोजीं ग्रीन्सबरो येथें, ६४ वर्षांचा असतां, आपल्या तरुण जोडीदारासह जोडकुस्ती जिंकून बाहेर पडला. तरुणास बरोबर घेऊन जिंकणें हाहि वारसा देण्याचा एक प्रकार होय, असें म्हणतां येईल.

जपानांत निवृत्तीचा विधि फार गंभीरपणें करितात. निवृत्त होणारा मल्ल दोरांनीं वेढलेल्या चौथऱ्याच्या मध्यभागीं स्तब्ध उभा राहतो. सर्वत्र शांतता पसरते. घंटेचे दहा ठोके सावकाश दिले जातात. त्यानंतर त्याच्या नांवाचा शेवटचा पुकारा होतो व चोहों बाजूंनीं रंगीत कागदी फितींचा वर्षाव होतो. पण आम्हांस त्या विधीहूनहि अधिक हृदयंगम वाटते ती तेथील एक परंपरा. तिचा एक दुवा आपल्या मुंबईशीं जुळतो, म्हणून ती थोड्या विस्तारानें सांगतों.

अमेरिकेचा लू थेझ हा १९३७ सालीं, अवघ्या २१ व्या वर्षीं, जगज्जेता झाला होता. १९६८ सालीं मुंबईच्या फडांत आपल्या दारासिंगांनीं त्याला हरविलें, ही गोष्ट वडील मंडळींस ठाऊक असेल. त्यानंतरहि थेझ अनेक वर्षें कुस्ती खेळत राहिला. त्याची अखेरची कुस्ती डिसेंबर १९९० मध्यें जपानांतील हामामात्सु येथें झाली. तेव्हां तो ७४ वर्षांचा होता, आणि समोर होता त्याचाच पट्ठा मासाहिरो चोनो. पाय अडकवून तोंडावर हातांचा विळखा घालण्याचा जो पेच थेझनें चोनोला शिकविला होता, त्याच पेचानें चोनोनें गुरूला हार मानावयास लाविलें. आतां पुढील दुवा पाहा. याच चोनोची पहिली कुस्ती १९८४ सालच्या ऑक्टोबरांत केजी मुतो या मल्लाशीं झाली होती, आणि मुतोचीहि ती पहिलीच होती. मुतो पुढें जपानांतील अग्रगण्य मल्ल झाला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं टोकियो येथें त्याच्या निवृत्तीचा फड भरला. ठरलेल्या कुस्तींत तो तेत्सुया नाइतो याच्याकडून हरला. चोनो त्या वेळीं समालोचकांच्या आसनावर बसलेला होता. मुतोनें त्याला वर बोलाविलें, आणि ज्याच्याशीं आरंभ केला त्याच्याशींच शेवट केला. चोनोनें तोच जुना पेच घातला व मुतोनें हार मानली. मल्ल गेले, पेच राहिला.

स्वतः दारासिंगांनीं १९८३ सालीं दिल्ली येथील फडानंतर कुस्ती सोडली. पुढें ‘रामायण’ या टेलिव्हिजन-मालिकेंत त्यांनीं हनुमंताची भूमिका केली. २००३ ते २००९ या काळांत ते राज्यसभेचे सभासद होते. २०१२ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. फड सोडल्यावर करावयास दुसरें कांहीं तरी असणें ही किती मोलाची गोष्ट आहे, हें यावरून दिसतें.

परंतु असा ठरवून केलेला शेवट प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहीं. स्टीव्ह ऑस्टिन याची मान १९९७ सालीं एका कुस्तींत डोक्यावर आपटल्यामुळें जबर दुखावली. तो आणखी कांहीं वर्षें खेळला, पण ३० मार्च २००३ रोजीं सिअ‍ॅटल येथें ‘द रॉक’ याच्याकडून हरून त्याला थांबावें लागलें. एज या मल्लाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. २०११ सालच्या एप्रिलांत तो जिंकला होता, जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेस होता. आणि आठवड्याभरांतच, मानेंतील मज्जारज्जूची वाट अरुंद झाल्याचें वैद्यांनीं सांगितल्यामुळें, त्याला निवृत्ति जाहीर करावी लागली. आपण शेवटची कुस्ती खेळत आहों हें खेळतांना त्याला ठाऊकच नव्हतें. शरीर हा असा सावकार आहे कीं, तो तगादा न लावतां एकदम जप्ती आणतो.

आणि आतां या विषयाची दुःखद बाजू. निरोप घेणें सोपें आहे. घेतलेला निरोप पाळणें कठीण आहे. टेरी फंक या अमेरिकन मल्लानें १९८३ सालीं जपानांत साश्रु नयनांनीं निरोप घेतला, आणि वर्षभरांत तो परत आला. पुढें कित्येकदां निवृत्त होऊन तो २०१७ पर्यंत खेळला. अंडरटेकरनें २०१७ सालीं आपली टोपी, अंगरखा व हातमोजे चौथऱ्यावर ठेविले व तो निघून गेला. पुढच्याच वर्षीं तो परतला, आणि खरा निरोप त्यानें २०२० सालच्या नोव्हेंबरांत घेतला. एज नऊ वर्षांनीं आणि ऑस्टिन एकोणीस वर्षांनीं पुन्हां उतरला. ज्या फ्लेअरचा निरोप आम्हीं वर वर्णिला, तोहि पुढच्याच वर्षीं खेळूं लागला. आणि २०२२ सालच्या जुलैंत, हृदयास यंत्र बसविलेलें असतां, ७३ व्या वर्षीं त्यानें आणखी एक ‘शेवटची कुस्ती’ केली.

असें कां होतें? त्यांस हंसण्यापूर्वीं कारणें समजून घेतलीं पाहिजेत. पहिलें कारण पैसा. अमेरिकेंतील या मल्लांस कंपन्या बहुधा नोकर न मानतां स्वतंत्र कंत्राटदार मानीत आल्या आहेत. तेव्हां निवृत्तिवेतनाचा आधार कोठला? दुसरें कारण टाळ्या. तीस वर्षें रोज रात्रीं हजारों कंठांतून ज्याच्या नांवाचा घोष झाला, त्याला घरांतील शांतता खावयास उठते. तिसरें व सर्वांत मोठें कारण हें कीं, कुस्तीवांचून दुसरें कांहीं शिकण्यास कित्येकांस सवडच मिळालेली नसते. हॅकेनश्मिटजवळ ग्रंथ होते, दारासिंगांजवळ नाट्यकला होती. ज्याच्याजवळ असें कांहीं नसतें तो पुन्हां दोराखालून आंत शिरतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं फारच थोडे मल्ल होतील. परंतु प्रत्येकाला कोठला तरी चौथरा सोडावा लागेल. शाळेच्या संघाचा नायक शेवटच्या वर्षीं आपली जागा सोडतो. तेव्हां धाकट्या मुलाला मैदानांत पुढें करून तो आपला डाव शिकवितो, कीं सारे सामने स्वतःच खेळून घेतो, यावरून त्याची परीक्षा होते. आणि पालकहो, दुकानाची वही, शेताचा कारभार, घराच्या किल्ल्या आपणहि कोणाच्या तरी हातीं द्यावयाच्याच आहेत. हात थरथरूं लागण्यापूर्वीं त्या दिल्या, तर शिकवावयास वेळ मिळतो. पट्ठ्याकडून स्वतःच्याच पेचांत सांपडलेल्या त्या ७४ वर्षांच्या थेझला त्या क्षणीं काय वाटलें असेल? आम्हीं स्वतः शिक्षक आहों, म्हणून त्याचें उत्तर आम्हांस थोडेंबहुत ठाऊक आहे: आपण शिकविलेलें नीट शिकलें गेलें आहे, याची त्याहून खात्रीची परीक्षा दुसरी नाहीं.