वेठीचे चालणे आणि चंक्रमण



वर्षावासात आपल्या वस्तीवस्तीतील विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. अष्टांगिक मार्गाचा भाग आला की 'सम्यक व्यायाम' या शब्दापाशी कोणी ना कोणी अडतेच. घोडेगावकडील एका वस्तीत एका वृद्ध उपासकांनी विचारले, "व्यायाम म्हणजे दंड-बैठका ना? मग या वयात आमचा मार्ग आठाचा सातच राहिला म्हणायचा का?" सगळे हसले. मलाही हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

शब्दापुरते उत्तर सोपे आहे. पालीत 'वायाम' म्हणजे प्रयत्न. मनात नसलेला अकुशल विचार येऊ न देणे, आलेला घालवणे, कुशल विचार उत्पन्न करणे आणि उत्पन्न झालेला वाढवणे, या चार प्रकारच्या प्रयत्नांना सम्यक व्यायाम म्हणतात. तो खाटेवर पडल्या पडल्याही करता येतो. तेव्हा बाबांचे आठही मार्ग शाबूत आहेत. मात्र शरीराच्या हालचालीचाही विचार तथागतांनी केलेला आहे. त्याला पालीत 'चंकम' म्हणतात, आपण चंक्रमण म्हणू. आजचा पाठ त्याविषयी आहे.

चंक्रमण म्हणजे ठरलेल्या जागेत, लक्षपूर्वक, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणे आणि परत फिरणे. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूस भगवंतांच्या चंक्रमणाची जागा म्हणून रत्नचंक्रम आजही दाखवतात. अंगुत्तर निकायातील एका छोट्या सुत्तात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास सोसतो. प्रयत्न करण्याचे बळ राहते. आजार कमी होतात. खाल्ले-प्यालेले पचते. आणि चालताना साधलेली चित्ताची एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. एकाग्रतेच्या शेजारी पचनही त्याच यादीत आहे, हे आपल्या ध्यानात राहावे.

हे सारे सांगून झाल्यावर त्याच बैठकीत एक आजी म्हणाल्या, "चालायचं आम्हाला काय शिकवता बाबा? जन्मभर चाललोच की."

या बोलण्यापुढे क्षणभर गप्प बसावे लागते. महारकीच्या काळात आपल्या वाडवडिलांचे पाय त्यांच्या मालकीचे नव्हते. सरकारी टपाल दुसऱ्या गावी पोचवायचे, कोणाच्या मयताची वर्दी परगावी द्यायची, अधिकाऱ्याचे सामान वाहायचे. रात्र असो की भर पाऊस, हाक आली की निघायचे. मोबदला काय, तर बलुत्याची भाकरी आणि तुकडाभर वतनी जमीन. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५९ साली लागू झाला. आज ऐंशी ओलांडलेल्या आपल्या माणसांनी बापाला असे पळताना डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या मागच्या पिढीतील बायांनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, डोक्यावर पाटी घेऊन फेऱ्या घातल्या. अशा माणसाला आपण जाऊन सांगतो, रोज अर्धा तास चाला!

म्हणून मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला लागला, घरावर स्लॅब पडला, की तो पहिली गोष्ट म्हणतो, "आई, आता तू फक्त बसून खा." यात प्रेम आहे, आणि पिढ्यांच्या अपमानाला दिलेले उत्तरही आहे. ओसरीवरची खाट ही आपल्या घरात मानाची जागा झाली, ती उगाच नव्हे. मी स्वतःच्या आईला असेच बसवले. पाणी हातात, ताट हातात. दोन वर्षांत ती खाटेवरून हाताला धरल्याशिवाय उठेना, आणि आम्ही म्हणत राहिलो, वय झाले. वय झाले होतेच. पण त्यात आमच्या सेवेचाही वाटा होता, हे फार उशिरा कळले.

कारण शरीराला मानापमान कळत नाही. वापर थांबला की स्नायू झिजतात, आणि म्हातारपणी ते फार लवकर झिजतात. आठ-दहा दिवसांच्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या मांड्यांतले बळ झपाट्याने उतरते. बळ गेले की तोल जातो, तोल गेला की न्हाणीत पाय घसरतो, आणि खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. 'गुडघे दुखतात म्हणून चालत नाही' असे आपण म्हणतो. पण झिजलेल्या गुडघ्यालाही बेताच्या हालचालीने आराम पडतो, आणि बसून राहिल्याने तो अधिक आखडतो. साखर आणि रक्तदाब यांनाही चालण्याने आळा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : ज्यांना जमेल त्या वृद्धांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम वेगाने हालचाल करावी, निदान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे काही करावे, आणि इतके जमत नसेल तर जमेल तेवढे करावे, थोडेही लाभाचेच आहे.

किती करावे याविषयी विनयपिटकात एक कथा आहे. सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत घरातला, अत्यंत सुकुमार तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने इतके चंक्रमण केले की तळपाय फाटले आणि वाट रक्ताने भरली. तरी फळ मिळेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला वीणेच्याच तारांबद्दल विचारले : फार ताणल्या तर वाजतात का? फार सैल सोडल्या तर? हा दृष्टांत आपल्याला ठाऊक असतो. कथेचा पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. याच प्रसंगानंतर भगवंतांनी भिक्खूंना पायताण वापरण्याची अनुज्ञा दिली. ज्यांच्या आज्यांना गावातून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागल्या, त्यांनी तरी ही गोष्ट विसरू नये. आईला चालायला सांगण्यापूर्वी तिच्या पायात धड, न घसरणारी, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. साखरेचा आजार असेल तर अनवाणी मुळीच नको, आणि रोज रात्री तळवे पाहावेत. जखम झाली तरी दुखत नाही, हाच त्या आजाराचा धोका.

आता आपल्या मुलखापुरते. आंबेगावच्या पश्चिमेस, डिंभे-भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात बाहेर शेवाळ आणि निसरडे. तेव्हा विहाराचा सभामंडप किंवा घराची ओसरी हेच चंक्रमणस्थान करावे. वर्षावासात भिक्खू एके ठिकाणी राहत, तरी चंक्रमण चालूच असे. वीस-पंचवीस पावले जायचे, थांबायचे, सावकाश वळायचे, परत यायचे, लक्ष तळव्यावर. वळताना घाई नको, वळताना तोल जाऊ शकतो. सुरुवात पाच मिनिटांनी करावी. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढीच धाप लागावी. छातीत दुखले, गरगरले, तर तेथेच बसावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जमेल तितक्या वेळा, आणि दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलणे, एवढ्यानेही मांड्या-पोटऱ्यांत बळ येते.

पूर्वेकडे, मंचर-नारायणगावच्या उसाच्या पट्ट्यात, गोष्ट निराळी. शहरातले डॉक्टर पहाटे फिरा म्हणतात. आपल्याकडे पहाटे उसातून बिबट्या निघतो. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, यावरूनच काय ते समजावे. तेव्हा उजाडल्यावर, दोघे-चौघे मिळून, बोलत, हातात काठी घेऊन, उसाच्या बांधापासून दूर चालावे. तिन्हीसांजेला घराच्या अंगणातच.

वडीलधाऱ्यांना हुकूम करू नये; हुकमाचे चालणे त्यांनी पुष्कळ सोसले आहे. "आये, तुला डॉक्टरने सांगितलंय" म्हणण्यापेक्षा, "आये, पोरीला अंगणवाडीत सोडायचंय, येतेस का माझ्याबरोबर?" म्हणून पाहा. विहारातील वंदनेला त्यांना मोटारसायकलवर नेऊ नका, निम्म्या वाटेपर्यंत तरी बरोबर चाला. वाटेत दम लागला तर बसावे. ऐंशीव्या वर्षी राजगृहाहून कुशीनाऱ्याकडे पायी निघालेल्या तथागतांनीही वाटेत आनंदाला झाडाखाली चीवर अंथरायला सांगितले, बसले, पाणी मागितले.

आमच्या वस्तीत आता वाचन संपल्यावर लगेच कोणी घरी जात नाही. विहाराभोवती आधी तीन फेऱ्या होत, आता सात होतात. मघाचे बाबा मोजणीला असतात, आणि त्यांची मोजणी बरेचदा चुकते, सात म्हणता म्हणता नऊ होतात. अश्विन पौर्णिमेनंतर, वाटा वाळल्या की, जुन्नरच्या पश्चिमेस तुळजा लेणीला जायचे ठरले आहे. तिथले चैत्यगृह गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती बारा खांब, प्रदक्षिणेसाठीच कोरलेले. चढ ज्यांना झेपणार नाही त्यांनी खाली पाडळीच्या बाजूला सावलीत थांबायचे, आणि त्यांच्याजवळ दोन तरुणांनी राहायचे. भाकऱ्या ज्याच्या त्याने आणाव्यात. आजींनी अजून होकार दिलेला नाही, पण नवी चप्पल घेतली आहे.