त्याच घरी पुन्हा

नर्सिंगच्या मुलींना सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी गावोगावी नेण्याचं काम मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात करते. हा जिल्हा गोंदियाला लागून आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती आणि लांजी, खैरलांजी, कटंगीकडच्या कितीतरी घरांत आजही मराठी आणि पोवारी चालते. बैहर, परसवाडा, बिरसाकडे गेलं की गोंड आणि बैगांची गावं लागतात, त्यापुढे कान्हाचं जंगल. अभ्यासक्रमात या कामाचे तास ठरलेले आहेत, कुटुंब-अभ्यासाची फाइल ठरलेली आहे, भेटीची पिशवी कशी उघडायची तेही ठरलेलं आहे. जे कुठेच लिहिलेलं नाही आणि गावांनीच शिकवलं, ते इथे सांगते. माझं एक मत मात्र आधीच मांडते: विद्यार्थिनीने पन्नास घरं एकेकदा पाहण्यापेक्षा पाच घरी पुन्हा पुन्हा जावं.

१. हात धुण्याचं पाणी आपलं आपण न्यावं.

पिशवी उघड्या जमिनीवर ठेवायची नाही. वर्तमानपत्र पसरायचं, बाहेरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल काढायचा, हात धुवायचे, मगच आतल्या वस्तूंना हात लावायचा. परीक्षेत हा क्रम मुली न चुकता करून दाखवतात, कारण प्रयोगशाळेत नळ असतो. टोल्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या घरात एप्रिल-मेमध्ये घरची बाई लांबच्या हातपंपावरून डोक्यावर पाणी आणते. चार मुलींनी आधी, नंतर आणि पुन्हा एकदा हात धुवायचे म्हटलं, तर तिची एक खेप आपणच संपवतो. ती बोलणार नाही. पाहुण्याला पाणी नाही म्हणण्याची तिथे रीत नाही. म्हणून प्रत्येकीच्या खांद्यावर पाण्याची मोठी बाटली असते.

तसंच उजेडाचं. खिडकी नसलेल्या खोलीत पापणीचा आतला भाग पाहून रक्त कमी आहे की नाही हे सांगता येत नाही. आजारी माणसाला उठवत असेल तर दाराशी आणावं, नसेल तर टॉर्च जवळ असावा.

२. वेळ गावाची, आपली नाही.

कॉलेजची बस साडेनऊला निघते आणि अकराला गावात पोचते. मार्च-एप्रिलमध्ये त्या वेळी बाया मोहफुलं वेचायला गेलेल्या असतात, त्याही उजाडायच्या आधी. मेमध्ये तेंदूपत्ता. पावसाळ्यात धानाची रोवणी, तेव्हा गरोदर बाईसुद्धा दिवसभर चिखलात वाकलेली. मग फाइलमध्ये शेरा पडतो: ‘घर बंद’. घर बंद नसतं, आपण चुकीच्या वेळी आलेलो असतो.

त्यामुळे जमेल तेव्हा उपकेंद्राच्या गावी मुक्काम करावा आणि सकाळी सहाला किंवा संध्याकाळी फिरावं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत संध्याकाळी सगळा गाव पानं खरेदीच्या फडावर पुडे मोजून द्यायला येतो. तिथे एका कडेला बसून रक्तदाब तपासला, तर घरोघरी हिंडून भेटली नसती एवढी माणसं भेटतात. कापणीनंतर पुष्कळ कुटुंबं नागपूर, हैदराबादकडे कामाला जातात. जाणाऱ्या आईला एवढंच पक्कं सांगावं की बाळाचं लसीकरणाचं कार्ड आधारकार्डाबरोबर बांधून ने, कारण जिथे जाशील तिथे पुढची लस मिळेल. गाव सोडण्याआधीच्या आठवड्यातली ही भेट वर्षातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या भेटींपैकी एक आहे आणि कुठल्याही वेळापत्रकात ती नसते.

३. तापाच्या घरी किमान दोनदा जावं.

हा जंगलपट्टा मलेरियाचा जुना पट्टा आहे आणि इथे व्हायवॅक्सबरोबर फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकारही सापडतो. बोटातून काढलेला थेंब किटवर टाकला की निकाल वाचायला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. नव्या मुलींना वाटतं, तेवढ्यात शेजारचं घर उरकून यावं. मी त्यांना तिथेच बसवते आणि पेन खाली ठेवायला सांगते. घरात आणखी कुणाला ताप येऊन गेला, रात्री कोण अंगणात झोपतं, सरकारी मच्छरदाणी बाजेवर लावलेली आहे की गाठोड्यात बांधलेली, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत कळतं. छापील प्रश्नावली घेऊन बसलं आणि सुरुवातच ‘महिन्याचं उत्पन्न किती’ अशी केली, तर यातलं काहीच कळत नाही.

फाल्सिपेरम निघाला तर एसीटी या मिश्र औषधाच्या गोळ्या तीन दिवस आणि प्रायमाक्विनची एकच मात्रा. व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन द्यायचं नसतं. म्हणून गोळ्या हातात ठेवण्याआधी पाळी कधी आली होती ते विचारावंच लागतं, आणि सासरा समोर बसलेला असताना ते विचारता येत नाही. अशा वेळी त्याला अंगणात कसं न्यायचं, हेही शिकण्याचाच भाग आहे. एक मुलगी त्याच्याशी पिकाबद्दल बोलत बाहेर जाते, दुसरी आत थांबते.

खरी अडचण चौथ्या दिवशी सुरू होते. ताप उतरलेला असतो, माणूस कामावर गेलेला असतो आणि गोळ्यांचं पाकीट आढ्याला खोचलेलं असतं. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. चौदा दिवसांचा डोस त्यासाठीच असतो. सातव्या दिवशी त्याच घरी जाऊन पाकीट मागायचं आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या, हा माझा नियम आहे. एका घरी असं मोजताना विद्यार्थिनीला कळलं, की नवऱ्यालाही ताप आला म्हणून बायकोने आपल्या निम्म्या गोळ्या त्याला दिल्या होत्या. प्रेमापोटीच दिल्या होत्या. मुलगी रागावली नाही. तिने उपकेंद्राच्या नर्सला, एएनएमला, बोलावलं, नवऱ्याची तपासणी करून घेतली आणि दोघांचा उपचार नीट लावला. पहिल्या भेटीच्या नोंदीत हे घर ‘उपचार दिला’ एवढ्यावर संपलं असतं.

शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १२३३ गावांत मलेरिया निर्मूलनाचा प्रयोग झाला, त्यातही घरोघरी ताप शोधत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर मोठी भिस्त होती. हे मी मुलींना मुद्दाम सांगते, कारण पायी फिरणं हे दुय्यम काम आहे असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं.

४. सिकलसेलचा निकाल अंगणात सांगू नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तेव्हापासून तपासण्या वाढल्या. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा रक्ताचा आनुवंशिक रोग होण्याची शक्यता २५ टक्के आणि बाळ वाहक असण्याची ५० टक्के, हे मुलींना तोंडपाठ असतं. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे त्या घरात नीट पोचलं नाही तर त्याची किंमत घरातली लग्नाची मुलगी मोजते. अंगणात शेजारीण उभी असते, काकू उभी असते. मोठ्याने वाचलेला निकाल संध्याकाळपर्यंत गावभर होतो. म्हणून निकाल एकेकाला, बाजूला, हळू आवाजात सांगायचा. शिवाय तपासणी मुलींइतकीच मुलांचीही झाली पाहिजे, असा आग्रह धरायचा. जोडी दोघांची असते आणि चौकशी मात्र एकटीचीच होते, हे मला सहन होत नाही.

५. लसीकरणाच्या दिवशी टोचण्यापेक्षा बोलणं शिकावं.

टोचायला हात लवकर बसतो. कोणती लस दिली, ती कशासाठी, ताप आला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, हे चार मुद्दे गर्दीतही प्रत्येक आईला सांगणं अवघड असतं. आणि लस दिल्यावर अर्धा तास थांबवणं त्याहून अवघड.

६. दंडाचं माप घेतलं म्हणजे काम झालं असं नाही.

दंडाची पट्टी साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की मूल अतितीव्र कुपोषित. पुस्तकाप्रमाणे पुढचं वाक्य असतं: पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा. तिथे आईने बाळाबरोबर साधारण चौदा दिवस राहायचं असतं. मग आई विचारते, घरची दोन मुलं कोण पाहील, शेळ्या कोण चारेल, रोवणी चालू आहे ती कोण करेल? ही टाळाटाळ नव्हे. हे हिशेबाचे प्रश्न आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय रेफरल चिठ्ठीला अर्थ नाही. मुलींनी आजीशी बोलावं, अंगणवाडीताईंशी बोलावं, थोरल्या मुलाचं जेवण अंगणवाडीत होईल का ते पाहावं, आईला मिळणाऱ्या भत्त्याची माहिती द्यावी. काही वेळा एवढं करूनही आई जात नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं, पुन्हा वजन करायचं आणि पुन्हा विचारायचं. बाळ केंद्रातून परत आल्यावरही जायचं, कारण वजन घटायला लागतं ते घरीच.

७. आशाच्या मागून चालावं, पुढून नाही.

आपण दोन-चार आठवड्यांसाठी येतो, गावची आशा कार्यकर्ती तिथेच राहते. पांढऱ्या कोटातल्या वीस मुली गावात शिरल्या की लोक आशाला बाजूला सारून त्यांच्याशी बोलायला लागतात. ते होऊ देऊ नये. दारात पहिला शब्द आशाने बोलावा, मुलींची ओळख तिने करून द्यावी आणि मुलींना जे कळलं ते त्यांनी आधी तिला सांगावं.

शिकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, म्हणून मी दोन उदाहरणं देते. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि ज्यांना शाळा माहीत नव्हती अशा बायांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्यामुळे बालमृत्यू घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज देशभरातली आशा दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, त्यामागे गडचिरोलीचा तो अनुभव आहे. यातली एखादी भेट मुलीने आशाबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी: बाळाचं तापमान, वजन, नाळ, दूध ओढणं, आईचा रक्तस्राव, आणि आशा या सगळ्याच्या मधे सासूशी काय बोलते ते.

दाईलाही भेटावं. आतल्या गावांत अजून घरी बाळंतपणं होतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी पलीकडेच थांबते. घरी बाळंत झालेल्या बाईला दवाखान्यात बोलणी बसलेली मी पाहिली आहेत, आणि पुढच्या खेपेला ती बाई तपासणीलासुद्धा आली नाही. मुलींना माझं सांगणं असं, की आधी बाळ-बाळंतीण पाहा. दिवस कधी भरतील, नाला कुठून ओलांडता येतो, वेळेआधी कुणाच्या घरी मुक्कामाला येता येईल, हे पुढच्या गरोदरपणात सातव्या महिन्यातच दाईला सोबत घेऊन ठरवा.

८. फाइल घरासाठी असते.

फाइल तपासणाऱ्याला पानं भरलेली हवी असतात, म्हणून कुणाकुणाच्या फायलींत एकाच घराचं पाणी, एकाच घराचं जेवण दहा नावांखाली उतरवलेलं दिसतं. मध्य प्रदेशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने राज्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली आणि कित्येक महाविद्यालयं निकषांत बसत नसल्याचं २०२४ मध्ये पुढे आलं. परीक्षा लांबल्या. धानाच्या पैशांतून फी भरलेल्या, खेड्यातल्या मुली वर्षानुवर्षं वाट पाहत बसल्या. त्या मुलींना गावातलं शिक्षण पुरेपूर आणि खरं मिळावं, हा त्यांचा हक्क आहे.

म्हणून मी एक पद्धत लावून घेतली आहे. एका तुकडीची पाच घरं पुढच्या तुकडीला द्यायची, फाइलही तीच. शेवटच्या दिवशी जुनी मुलगी नव्या मुलीला बरोबर घेऊन पाचही घरी जाते, ‘काकू, आता ही येईल’ म्हणून ओळख करून देते, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे ठेवलेल्या असतात ते दाखवते, धाकटीची पुढची लस कधी आहे ते सांगते. नव्या मुलीने त्या दिवशी काहीही लिहायचं नाही. पुढच्या वेळी कधी आलेलं चालेल, तेवढं मात्र घरच्यांना विचारून घ्यायचं.