रोह्यांचा माग आणि कायदा

प्रश्न : सोयाबीन काढणीनंतर उंद्री परिसरातील पडीक जमिनीवर रोह्याचा दुरून शोध घेऊन दबकत शिकार करता येईल काय? (एक वाचक, उंद्री)

उत्तर : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार अशी शिकार निषिद्ध असून, जमीन सरकारी असो वा खासगी, त्याने फरक पडत नाही. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या रोह्याबाबत, म्हणजे नीलगाईबाबत, कलम 11 खाली प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. मात्र तो पीकसंरक्षणाचा उपाय आहे, हौसेचा परवाना नव्हे.

दुर्बीण वा कॅमेरा घेऊन माग काढण्यास मात्र हाच काळ उत्तम, कारण सोयाबीन निघाल्याने शिवार मोकळे होते आणि उभी तूर निरीक्षकाला आडोसा देते, अर्थात शेतमालकाची संमती घेऊनच. रोही वारंवार एकाच जागी लेंड्या टाकतात. त्या ढिगावरील लेंड्या ओलसर असतील तर कळप नुकताच येऊन गेला असे समजावे. चिमूटभर माती सोडून वाऱ्याची दिशा पाहावी आणि वारा तोंडावर घेतच पुढे सरकावे. वाटेत चिंकारा दिसला आणि तो पुढचा पाय आपटू लागला की त्याला चाहूल लागली आहे हे ओळखून तिथेच थांबावे. शिवाराऐवजी ज्ञानगंगा अभयारण्यात माग काढायचा असल्यास प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक असून, तेथे बिबट्या व अस्वल असल्याने एकट्याने पायी फिरणे हा निव्वळ अविचार होय.