माळ्याची शिडी : एक घनफूट लाकूड आणि थोडे घर्षण



गणपतीला आठ दिवस उरले की आमच्या मीरा-भाईंदरमधल्या पुष्कळ घरांत एकच दृश्य दिसते. मखराची खोकी, समया, मोठी पातेली, पाहुण्यांसाठी राखलेल्या चटया हे सारे माळ्यावर असते. माळा म्हणजे स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराच्या डोक्यावर, जमिनीपासून साधारण ७ फुटांवर काढलेला कप्पा. मग टेबल ओढले जाते, टेबलावर स्टूल ठेवले जाते, स्टुलावर आई किंवा बाबा चढतात आणि आपल्याला हुकूम होतो, "घट्ट धर रे!" नेमके काय धरायचे हे मात्र कोणीच सांगत नाही.

उत्तर कोकणातल्या जुन्या कौलारू घरांनाही माळा असे आणि त्याला लाकडी शिडी लावलेली असे. राई, मुर्धा, मोर्वा या आमच्या जुन्या गावांतल्या आजी-आजोबांना विचारलेत तर ते तिच्याबद्दल सांगतील. पुढे इमारती आल्या, माळा सिमेंटचा झाला आणि शिडी तेवढी हरवली. ती आपण घरच्या घरी करू. खर्च बेताचा आहे आणि काम दोन सुट्ट्यांचे आहे. पण करवत हातात घेण्यापूर्वी एक हिशोब करायला हवा. तो न केल्यामुळे मी स्वतः एकदा फसलो आहे.

पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. शिडी तयार झाली. पहिल्या पायरीवर उभा राहून मी दोनदा उड्या मारल्या. शिडी कुरकुरलीसुद्धा नाही. "पक्की आहे" असे जाहीर करून वर चढलो. माळ्याच्या कडेला हात लागतो न लागतो तोच शिडीचा पाय लादीवरून मागे सरकला. कड हातात होती म्हणून लोंबकळत राहिलो. शिडी खाली आडवी पडली होती आणि तिची एकही पायरी मोडलेली नव्हती. माझ्या उड्यांनी लाकडाची परीक्षा झाली होती, घर्षणाची झालीच नव्हती.

असे का झाले ते पाहू. समजा, शिडी एका गुळगुळीत भिंतीला टेकली आहे. चढणाऱ्याच्या वजनामुळे ती आपल्या पायाभोवती फिरून भिंतीकडे पडू पाहते. भिंत तिला आडवा रेटा देऊन थोपवते. पण हा रेटा शिडीला भिंतीपासून दूर ढकलतो. तेव्हा तितकेच बल उलट दिशेने कोणीतरी दिले पाहिजे. ते देते जमिनीवरचे घर्षण. दुसरे कोणीही तिथे नाही.

आता शिडीच्या पायाभोवतीची परिबले मांडा. परिबल म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेचे लंब अंतर. माणूस अगदी वरच्या टोकाशी असेल तर

भिंतीचा रेटा × उंची = माणसाचे वजन × पायाचे भिंतीपासूनचे अंतर

उंची ७ फूट, माणूस ६० किलोचा. पाय भिंतीपासून पावणेदोन फूट असेल, म्हणजे उंचीच्या चौथ्या हिश्शावर, तर रेटा १५ किलोग्रॅम-भार येतो. पाय साडेतीन फुटांवर नेला तर ३०. पाय ७ फुटांवर नेला तर ६०, म्हणजे माणसाच्या पूर्ण वजनाइतका! तेवढेच बल घर्षणाला पुरवावे लागते.

आणि माणूस वरच्या टोकाशी नसेल तर? शिडीच्या लांबीचा जितका भाग तो चढला असेल, तितकाच भाग या रेट्याचा येतो. पहिल्या पायरीवर, म्हणजे साधारण सातव्या हिश्शावर, १५ ऐवजी जेमतेम २ किलोग्रॅम-भार. आता माझी फजिती तुमच्या लक्षात येईल. पहिल्या पायरीवर उड्या मारून पायरी मोडते की नाही एवढेच कळते. शिडी सरकेल की नाही हे वर गेल्याशिवाय कळत नाही आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. म्हणून ते आधी कागदावर आणि लादीच्या तुकड्यावर काढायचे.

घर्षणाचे नियम तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आमाँताँने १६९९ मध्ये आणि कुलोमने १७८५ मध्ये ते मांडले. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितके दाबले जातात, त्याच्या ठराविक पटीपर्यंतच घर्षण मिळू शकते. या पटीला घर्षणगुणांक म्हणतात. आपली शिडी चारास एक अशी लावली तर रेटा वजनाच्या चौथ्या हिश्शाइतका होतो, म्हणून गुणांक निदान ०.२५ हवा. येथे एक गंमत पाहा. वजन दोन्हीकडून कटून गेले! शिडी सडपातळ माणसाला धरते आणि जाड माणसाखाली सरकते, असे होत नाही. ती सरकायची असेल तर दोघांच्याही पायाखालून सरकेल. (शिडीचे स्वतःचे वजन तिच्या मध्यावर असल्यामुळे थोडी मदतच करते. ती मदत आपण हिशोबात धरली नाही.)

शिक्षकांसाठी एक सूचना. माळ्याच्या कोपऱ्याच्या कडेवर शिडी टेकते तेव्हा कडेचा रेटा आडवा नसून शिडीला लंब असतो. त्यामुळे १५ ऐवजी सुमारे १४ येतात आणि जमिनीवरचा दाबही थोडा घटतो. पण माणूस टेकण्याच्या बिंदूशी पोचला की लागणारा गुणांक तोच, ०.२५ राहतो. वरच्या वर्गातल्या मुलांना हे सिद्ध करायला जरूर द्यावे.

आता प्रयोग. घरात बसवलेल्या लादीचा एखादा उरलेला तुकडा मिळवा. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि लादीची एक बाजू हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या कडेची उंची आणि लादीने जमिनीवर व्यापलेले आडवे अंतर मोजा. उंची भागिले आडवे अंतर म्हणजेच घर्षणगुणांक. लादी ४० सेंटिमीटर आडवी आणि १० सेंटिमीटर वर असतानाच ठोकळा घसरला तर गुणांक ०.२५, म्हणजे शिडी अगदी कड्यावर उभी आहे असे समजा. हाच प्रयोग ओल्या लादीवर करा, टाल्कम पावडर भुरभुरून करा, आणि शेवटी ठोकळ्याखाली जुन्या रबरी स्लिपरचा तुकडा चिकटवून करा. आकडे वहीत लिहा. माझा आग्रह असा, की २० सेंटिमीटर वर उचलेपर्यंत जो ठोकळा घसरत नाही, तसलाच पाय शिडीला लावावा.

एवढे झाल्यावर लाकडाकडे वळू. वखारीत ३ इंच रुंद आणि दीड इंच जाड असे सरळ लाकूड निवडा. सागवान उत्तम, पण महाग. मोठ्या खोक्यांसाठी वापरतात ते पाइनचे लाकूड आपल्याला पुरते. जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान मिळाले तर फारच छान, मात्र त्यातले खिळे आधी उपटून काढा. लाकूड डोळ्यासमोर धरून वाक पाहा. रेषा लांबीला समांतर हव्यात, आणि उभ्या दांड्याच्या कडेला गाठ असेल तर तो दांडा परत करा. गाठीपाशी रेषा वळतात आणि लाकूड तिथेच मोडते.

किती लागेल? ८ फुटांचे दोन दांडे म्हणजे १६ फूट. १५ इंचांच्या सात पायऱ्या म्हणजे पावणेनऊ फूट. शिवाय ९ इंच लांब, दीड इंच रुंद आणि दीड इंच जाड असे १४ ठोकळे. हे त्याच लाकडाला उभे चिरून निघतात, म्हणून सव्वापाच फूट. बेरीज ३० फूट. दोन फूट करवतीला सोडा. ३२ फूट लाकूड या मापात बरोबर १ घनफूट भरते आणि वखारीतला भाव घनफुटावरच असतो. पाइनची शिडी साधारण १३-१४ किलोची होईल.

या ठोकळ्यांतच शिडीचे सगळे मर्म आहे. नुसत्या पायऱ्या दांड्यांवर ठोकल्या तर तुमचे वजन सर्वस्वी खिळ्यांवर येते आणि प्रत्येक चढउताराबरोबर खिळ्याचे भोक थोडे थोडे रुंदावत जाते. कसबी सुतार दांड्याला खाच पाडून पायरी तीत बसवतो, पण ते आपल्या हातचे काम नव्हे. त्याऐवजी प्रत्येक पायरीखाली, दांड्याच्या कडेवर, दोन्ही बाजूंना ठोकळा बसवायचा. पायरी ठोकळ्यावर, ठोकळा खालच्या पायरीवर, ती पुढच्या ठोकळ्यावर, असे करत वजन थेट जमिनीवर उतरते. लाकूड दाबाला चांगलेच बळकट असते. स्क्रूंना मग सगळे जागच्या जागी धरून ठेवण्याचेच काम उरते.

पायरीची ३ इंचांची बाजू उभी आणि दीड इंचाची वर ठेवायची. असे का, ते फूटपट्टीला विचारा. आडवी धरलेली पट्टी बोटाने वाकते, तीच उभी धरली तर वाकत नाही. गॅलिलिओच्या १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात हा नियम आहे. तुळईची ताकद रुंदीच्या पटीत, पण खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढते. आपले लाकूड आडवे ठेवण्याऐवजी उभे ठेवले की त्याची ताकद दुप्पट होते. खरे म्हणजे एवढ्या अखूड पायरीला दोन इंच खोलीही पुरली असती. दीड इंचाची जाडी मात्र कमी करू नका. आपण घरात अनवाणी चढतो आणि पातळ कड तळव्यात रुतते.

बांधणी अशी. दोन्ही दांडे जमिनीवर कडेवर उभे ठेवा, बाहेरून बाहेर १५ इंच अंतर. खालच्या टोकापासून पहिला ठोकळा, त्यावर पायरी, पुन्हा ठोकळा, असे रचत जा म्हणजे दर १२ इंचांवर पायरी येईल. प्रत्येक पायरी गुण्याने काटकोनात तपासा. सगळे रचून झाल्यावर दोरीने दोन्ही कर्ण मोजा. ते समान नसतील तर शिडी तिरकी आहे, कितीही सरळ दिसली तरी. मग फेविकॉल लावून स्क्रू बसवा. पायरीच्या प्रत्येक टोकाला ३ इंची दोन, ठोकळ्याला दोन. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा, नाहीतर पायरीचे टोक चिरते. एकूण ५६ स्क्रू लागतात. ते जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. वसईच्या खाडीची आणि मिठागरांची आमची हवा साध्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही. फेविकॉल पूर्ण दिवसभर वाळू द्या. कडा पॉलिश पेपरने मोडा. करवत आणि गिरमिट वडील माणूस जवळ असल्याशिवाय चालवू नका.

आता पाय. तिरकी उभी केल्यावर शिडीचा पाय भिंतीकडच्या कोपऱ्यावरच टेकतो, तो सपाट टेकला पाहिजे. दांडा आणि ठोकळा मिळून साडेचार इंच खोली आहे. चारास एक उताराने भिंतीकडची बाजू १ इंच १ सूत वर येईल अशी तिरकी रेघ मारून दोन्ही पाय कापा. त्याखाली स्लिपरचा रबरी तळवा चिकटवा. खालून खिळा मुळीच मारू नका. रबर झिजले की खिळ्याचे डोके लादीवर टेकते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

माळ्याची कड ७ फुटांवर असेल तर पाय कडेच्या सरळ खालच्या रेषेपासून २१ इंचांवर येईल. तिथे लादीवर रंगाची खूण करून ठेवा. माळ्याच्या सरकत्या दारावर शिडी टेकवू नका, सिमेंटच्या कडेवरच टेकवा. दांडे कडेच्या वर सुमारे ९ इंच राहतात, ते हाताने धरायला. सातवी पायरीही हातासाठीच आहे. सामान काढण्यापुरते चौथ्या पायरीवर उभे राहिले तरी नजर माळ्यात पोचते.

आमच्या लहान घरांत २१ इंच जागा मिळणेही कधी कठीण असते, कारण तिथे नेमका फ्रीज असतो. म्हणून कोणी शिडी जवळजवळ सरळ उभी करतात. ती सरकत नाही हे खरे, पण मग चढणाऱ्याचा गुरुत्वमध्य शिडीच्या पायामागे जातो आणि शिडी माणसासकट मागे कलंडते. जागा नसेल तर फ्रीज हलवावा. माळ्याच्या कडेखाली भिंतीत गिट्ट्या बसवून दोन मजबूत कड्या लावल्या आणि सातवी पायरी त्यांना दोरीने बांधली, तर शिडी ना मागे कलंडते ना बाजूला घसरते. आमच्या घरी आता असेच आहे.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. ६० किलोचा माणूस शिडीच्या वरच्या टोकाशी आहे. शिडी चारास एक लावली आहे, तिचे वजन १३ किलो. "घट्ट धर रे" असा हुकूम झालेला ५० किलोचा मुलगा शिडी हाताने न धरता तिच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे सातव्या हिश्शावर, उभा राहतो. भिंत गुळगुळीत समजा. तो उभा राहण्यापूर्वी आणि उभा राहिल्यावर घर्षणगुणांक निदान किती हवा ते काढा. दोन उत्तरांत बराच फरक पडेल. तो कोणत्या दिशेने पडतो आणि का, हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवा.