ट्रायकोग्रामा माशीची सकाळची घटका

उंसाच्या खोडकिड्यावर ट्रायकोग्रामा ह्या परोपजीवी माशीचा उपयोग होतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. ती खोडकिड्याच्या अंड्यांत आपलें अंडें घालते व तिची अळी तें आंतून खाऊन टाकते. परंतु कार्ड लावण्याच्या वेळेकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. म्हणून हा लेख.

रात्रीं उडणाऱ्या बहुतेक पतंगांची मादी अंधार पडल्यावर कामगंध सोडून नरास बोलावते. परोपजीवी माश्यांचा व्यवहार बहुतांशीं दिवसाचा असतो. ट्रायकोग्रामाच्या माश्या मुख्यत्वें सकाळच्या उजेडाबरोबर बाहेर पडतात. नर आधीं निघून तेथेंच थांबतात. कुमारी मादी ज्या जागेवरून चालते तेथें तिचा गंध राहतो व नर तेथें घुटमळतो. मीलन होतांच मादी अंड्यांच्या शोधार्थ निघून जाते.

ह्या घटकेस एवढें महत्त्व कां? मीलन झालेल्या मादीस नर व मादी अशी दोन्ही संतति होते. मीलन न झालेली मादीही अंडीं घालते, पण त्यांतून सामान्यतः केवळ नरच निपजतात. आणि नर कांहीं खोडकिड्याचीं अंडीं नासवीत नाहीं. म्हणजे सकाळ हुकली कीं पुढची पिढी बुडाली.

प्रस्तुत लेखक हें नुकसान सोसून शिकला आहे. महसुली कारकुनींतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षीं आम्हीं भर दुपारीं कार्डें लावलीं व दुसरे दिवशीं सकाळींच त्या उंसावर औषध फवारलें. कार्डावरील अंडीं फुटलेलीं पाहून संतोष मानला. पुढें पोंगे मरूं लागले. दप्तरीं नोंद पुरी, शिवारांत शिल्लक शून्य, असा तो प्रकार झाला.

सबब पुढील गोष्टी पाळाव्या :

(१) कार्डावरील अंडीं काळीं झालेलीं असावीं, व माश्या निघण्याची तारीख विचारून घ्यावी.

(२) माश्या निघण्याच्या आदल्या सायंकाळीं, ऊन उतरल्यावर, कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या अंगास टांचाव्या.

(३) एकरीं सुमारें २० हजार अंड्यांचें एक कार्ड, दर दहा दिवसांनीं, शेतभर विखरून लावावें.

(४) आधीं व नंतर आठवडाभर कीटकनाशक फवारूं नये.

कार्डास पैसे पडतात. सकाळ मात्र फुकट मिळते. ती तेवढी राखावी.