खिंडी गोळा करणारी बाई

नोकरीच्या निमित्ताने ग्रनोब्लला आले तेव्हा पन्नाशी दिसायला लागली होती आणि सायकल पुण्यातल्या कॉलेजच्या दिवसांबरोबर मागे राहिली होती. या शहराच्या तिन्ही अंगांना डोंगर: शार्त्रूझ, व्हेरकोर, बेलदोन. बाहेर पडायचं तर नदीकाठचा सपाट रस्ता, नाहीतर खिंड. नदीकाठ लवकरच पाहून झाला. मग नाइलाज झाला, आणि नाइलाजाचं व्यसन कधी झालं ते कळलं नाही. कधी सायकलवर, कधी नवऱ्याबरोबर पायी. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. खिंड ही डोंगराची बुटकी जागा असते. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, पण मांड्यांना पटायला वेळ लागला. पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न, "कुठलं शिखर केलंस?" शिखर नाही, खिंड. "मग वर काय असतं?" पाटी असते. नाव, उंची आणि जगभरच्या सायकलवाल्यांनी चिकटवलेले स्टिकर. फोनवर जरा शांतता पसरते. पण ज्यांनी या वाटा शोधल्या त्यांनाही उंचीशी काही देणंघेणं नव्हतं. मेंढपाळ, मीठ वाहणारी खेचरं, चोरटा माल नेणारे, फौजा, सगळ्यांना पलीकडे जायचं होतं आणि त्यासाठी कमीत कमी चढायचं होतं. वर येऊन पाटीचा फोटो काढायचा आणि आल्या वाटेने घरी परतायचं, हा उद्योग त्यांना कुणी समजावून सांगू शकलं नसतं.

२. आमच्या सह्याद्रीने मला अर्धवट शिकवलं होतं. महाडहून वरंधा चढला की देश लागतो. घाट संपला, चहा घ्या, पुढे भोर. इथे चढ संपतो तिथेच उतार सुरू होतो, आणि पलीकडचं खोरं अनेकदा वेगळ्याच मुलखातलं निघतं. व्हेरकोरमधली रूसेची खिंड याचं टोक आहे. उत्तरेकडून येताना दाट जंगल, दमट गारवा, गाईंची हिरवी कुरणं. मग डोंगराच्या पोटातून बोगदा. त्यातून बाहेर पडलं की डोळे दिपतात. कोरडे पांढरे कडे, खाली वळणांवर वळणं आणि दूर दी गावाच्या आसपासचे द्राक्षमळे. हवेचा वासही बदललेला असतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून उगीचच दोनदा आत-बाहेर केलं.

३. सरासरीवर विश्वास ठेवू नये. मी ऑफिसात दिवसभर सरासऱ्याच काढते, तरी सांगते. इथल्या नावाजलेल्या चढांवर दर किलोमीटरला छोटी पाटी असते: माथा किती दूर, आत्ता उंची किती, पुढच्या किलोमीटरचा चढ सरासरी किती टक्के. 'आठ टक्के' वाचून मन तयार होतं, आणि रस्ता आधी बारा टक्के देतो, मग चार. हिशेब चोख, माणूस गार. क्रुआ द फेर खिंडीच्या पश्चिमेकडच्या वाटेवर तर कहर आहे. घाम गाळून मिळवलेली उंची मध्येच एका खोल उतारात परत करावी लागते, आणि लगेच पुढे सगळ्यांत उभा तुकडा. त्या उतारावर वाऱ्याची मजा घेणारी माणसं मी पाहिली आहेत. माझं लक्ष समोरच्या चढाकडे असतं. स्वभाव.

४. हलक्या गिअरची लाज वाटेनाशी झाली, आणि त्याचं श्रेय इतिहासाला. तूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज गिअर बदलायच्या यंत्रणेचा कट्टर विरोधक होता. ती पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावी, असं त्याचं मत सांगतात. त्याच्या शर्यतीत ही सोय सर्वांना मिळाली ती १९३७ साली, त्याने सूत्रं खाली ठेवल्यावर. त्याच्याच काळात सेंत-एत्येनचा पोल द व्हिव्ही, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने, गिअरच्या बाजूने आयुष्यभर लिहीत राहिला आणि स्वतः डोंगर चढून दाखवत राहिला. देग्रांजचं स्मारक गालिबिए खिंडीच्या दक्षिण बाजूला आहे, बोगद्याजवळ. मोटारी तिथून बोगद्यात शिरतात. सायकलींना बोगदा बंद, त्यांनी २६४२ मीटरपर्यंत वरून जायचं, आणि तो शेवटचा तुकडा चांगलाच उभा आहे. मी त्या साहेबांसमोरून माझ्या सगळ्यांत हलक्या गिअरवर, पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते. पंचेचाळिशी कधीच उलटली आहे, म्हणजे नियमात बसते. त्याच वेळी विजेच्या सायकलवरून एखादी सत्तरीची आजी हसून 'बोंझूर' म्हणत पुढे निघून जाते. तिला काय म्हणावं हे मात्र व्हेलोसिओनेही सांगून ठेवलेलं नाही.

५. पाणी स्मशानात मिळतं. खेड्यातली दुकानं दुपारी बंद, बेकरीला बहुतेक वेळा सोमवारी सुट्टी, आणि चौकातल्या दगडी हौदावर कधीकधी 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी. पण गावाच्या दफनभूमीत, थडग्यांवरच्या फुलांसाठी, हमखास नळ असतो. जुने सायकलवाले थेट तिथेच जातात, बाटल्या भरतात, टोपी भिजवतात. आईला हे अजून सांगितलेलं नाही. स्मशानातून आल्यावर अंघोळ करायची असते, तिथलं पाणी पिऊन पुढे डोंगर चढायचा नसतो.

६. सायकलवर मला खिंड दिसत नाही, समोरचं दोन मीटर डांबर दिसतं. हे पायी चालायला लागल्यावर लक्षात आलं. व्हेरकोरच्या पूर्वेच्या कड्यात रस्ता नसलेल्या कितीतरी खिंडी आहेत, त्यातली एक पा द लेग्विय. खालच्या वाडीतून पायवाट निघते, जंगल संपतं, आणि शेजारी मों एग्विय उभा राहतो, चारी बाजूंनी तासलेला आणि माथ्यावर सपाट, आपल्याकडच्या एखाद्या गडासारखा. १४९२ साली राजाच्या हुकमावरून माणसं शिड्या लावून त्यावर चढली होती. मी बराच वेळ त्याच्याकडेच पाहत चालले. खिंडीत पोचल्यावर मात्र स्मारक दिसलं. जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्याने व्हेरकोरवर चढाई केली तेव्हा या मेंढपाळी वाटांवरूनही सैनिक वर आले, आणि इथल्या एका गुहेत प्रतिकार करणारे तरुण अडकले, लढले. खिंड आणि मूठभर माणसं म्हटल्यावर मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. नवरा टोपी काढून उभा राहिला. आम्ही डबा उघडला तो बऱ्याच खाली उतरल्यावर.

७. कुत्र्याशी मराठीत बोलावं. १९९२ मध्ये इटलीकडून आलेले लांडगे मर्कांतूरच्या डोंगरांत दिसले, पुढे आल्प्सभर पसरले, आणि त्यांच्यामागोमाग कळपांत पातू वाढले. पातू म्हणजे पांढरा, केसाळ, वासराएवढा राखणदार कुत्रा, मेंढ्यांतच वाढलेला. मी मेंढी आहे की लांडगा, हे तो ठरवत असतो तोवर काय करायचं याच्या सूचना कुरणाच्या तोंडाशी लावलेल्या असतात: सायकलवरून उतरा, ती तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, पळू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, कळपाला लांबून वळसा घाला, शांत आवाजात बोला. शांत आवाजात मला फक्त मराठीच येतं. "बाळा, मी जाते हं, तुझ्या मेंढ्या तुलाच," असं म्हणत मी अर्धं कुरण पार केलं आहे. फ्रेंच सहकारी विचारतात काय म्हणतेस, मी सांगत नाही.

८. याद्यांचं वेड सगळ्यांनाच असतं, पण इथल्या वेडाला नियमावली आहे. झां पेर्दू नावाच्या सायकलस्वाराने १९७२ साली 'शंभर खिंडींचा क्लब' काढला. सायकलवर शंभर वेगवेगळ्या खिंडी, त्यातल्या किमान पाच २००० मीटरच्या वरच्या. पुरावा मागत नाहीत, तुमच्या शब्दावर भागतं. पायवाटेच्या खिंडीही चालतात, सायकल खांद्यावर घेऊन का होईना. आणि अट अशी की हे सगळं स्वतःच्या आनंदासाठी केलेलं असावं. माझी वही अजून शंभरापासून बरीच लांब आहे. घराजवळची कोल द पोर्त मी इतक्यांदा चढले आहे की तिथली वळणं मला नावानिशी हाक मारतील, पण यादीत ती एकच. पायी केलेली पा द लेग्विय तर धरताच येत नाही. तिथे सायकल खांद्यावर घेऊन परत जावं का, यावर घरात मतभेद आहेत. सध्या डोक्यात पारपायोंची खिंड आहे: सैनिकांनी बांधलेला कच्चा रस्ता आणि माथ्याशी सुमारे अर्ध्या किलोमीटरचा काळाकुट्ट बोगदा, ज्यात उन्हाळा लागला तरी बर्फ असतो. दिवा घेऊन ठेवला आहे. नवरा म्हणतो, तो पलीकडच्या गावात कॉफी घेत थांबेल, मी शांत आवाजात यावं.